स्तूप म्हणजे पेटी नव्हे: सांचीच्या एका भगदाडाचं प्रकरण

दोनशे रुपयांच्या नोटेच्या मागच्या बाजूला सांचीचा महास्तूप आहे. तो कुणी बांधला असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: अशोकाने. उत्तर चूक नाही, पण अशोकाचं बांधकाम जवळजवळ सगळं दगडाच्या आत गाडलेलं आहे. बाहेरून दिसतो तो नंतरच्या शतकातला दगड. तोरणं, म्हणजे चार बाजूंची कोरीव दगडी प्रवेशद्वारं, त्याहूनही अलीकडची, सातवाहनकाळातली. आणि घुमटाचा नैऋत्येकडचा पाव हिस्सा तर १९१२ ते १९१९ या काळातल्या कामात उतरवून पुन्हा रचलेला आहे.

हा पाव हिस्सा का उतरवावा लागला, ते या प्रकरणात पाहायचं आहे. १८२२ मध्ये स्तूपाला एका बाजूने माथ्यापासून पायापर्यंत भगदाड पाडलं गेलं. त्याची दुरुस्ती झाली साठ वर्षांनी, आणि त्या दुरुस्तीची दुरुस्ती व्हायला आणखी तीसेक वर्षं गेली. या काळात टेकडीवर आलेल्या जवळजवळ प्रत्येकाची समजूत एकच होती: ही पेटी आहे, आत काहीतरी असणार, उघडून बघू. सांचीच्या महास्तूपाचं एकोणिसाव्या शतकातलं मोठं नुकसान याच समजुतीने केलं, असं माझं मत आहे. ती समजूत चूक का, हे कळायला आधी स्तूप उभा कसा राहतो ते बघावं लागतं.

आत काय आहे

सांची मध्य प्रदेशच्या रायसेन जिल्ह्यात, विदिशेपासून दहाएक किलोमीटरवर. टेकडी शंभर मीटरच्या आतलीच. बुद्धाच्या आयुष्यातली एकही घटना इथे घडलेली नाही, मग अशोकाने ही जागा का निवडली? सिंहली परंपरा सांगते की त्याची पत्नी देवी विदिशेच्या एका व्यापाऱ्याची मुलगी होती, आणि मुलगा महिंद लंकेला जाण्यापूर्वी आईला भेटायला विदिशेत येऊन गेला. शेजारी भरभराटीची बाजारपेठ, सासुरवाड आणि भिक्खूंना लागणारा गावाबाहेरचा निवांतपणा, एवढं कारण पुरेसं वाटतं. दक्षिण तोरणाजवळ अशोकाचा स्तंभ होता. संघात फूट पाडणाऱ्या भिक्खू-भिक्खुणींना पांढरी वस्त्रं नेसवून बाहेर काढावं, असा आदेश त्यावर कोरला आहे. पुढे एका स्थानिक जमीनदाराने हा स्तंभ उसाच्या चरकासाठी फोडला. बुंधा जागेवर राहिला, सिंहशीर्ष आता तिथल्या संग्रहालयात आहे.

अशोककालीन स्तूप विटांचा होता. विटा आजच्या मानाने अवाढव्य: लांबी साधारण ४० सेंमी, रुंदी २५ आणि जाडी साडेसात. त्याचा व्यास आजच्या स्तूपाच्या निम्म्याच्या आसपास होता. इ.स.पू. दुसऱ्या शतकात, शुंगांच्या राजवटीत, या विटांच्या स्तूपाभोवती दगडाचं बांधकाम चढवलं गेलं. त्याआधी विटांच्या स्तूपाची मोडतोड झाली होती आणि ती पहिला शुंग राजा पुष्यमित्र याने केली असावी, हा १९१२ ते १९१९ चं काम करवून घेणाऱ्या पुरातत्त्वज्ञ जॉन मार्शल यांचा तर्क. तो तर्कच समजावा. त्याला कोरीव पुरावा नाही.

दगडी आच्छादनानंतर स्तूपाचा व्यास ३६.६ मीटर झाला आणि उंची, माथ्यावरचा कठडा व छत्र सोडून, साधारण साडेसोळा मीटर. खाली गोल चौथरा, म्हणजे मेधी. तिच्यावरून दुसरा, वरचा प्रदक्षिणापथ जातो आणि तिथे चढायला दक्षिणेकडून दुहेरी जिना आहे. मेधीवर अंड, म्हणजे अर्धगोल. त्याचा माथा सपाट केलेला, त्यावर चौकोनी कठड्याची हर्मिका आणि मधोमध दांड्यावर एकावर एक तीन छत्रं. जमिनीवर सगळ्याला वेढणारी दगडी वेदिका, म्हणजे कठडा, पुरुषभर उंचीच्या दीडपट तरी.

आता महत्त्वाचा भाग. याला आपण घुमट म्हणतो, पण विजापूरच्या गोलघुमटाशी याचं काही नातं नाही. गोलघुमटाच्या आत उभं राहता येतं, तिथे छत म्हणून एक कवच आहे आणि ते आपलं वजन भिंतींवर सोडतं. स्तूपाला आतली बाजूच नाही. तो सबंध भरीव आहे. मधे विटांचा गाभा, त्याभोवती दगडांची थरावर थर केलेली कोरडी रचाई आणि सगळ्यावर चुन्याचा जाड गिलावा. कमान नाही, पोकळी नाही. वजन सरळ खाली जातं, आणि खालच्या कडेला बाहेर ढकलणारा जो थोडा दाब असतो तो मेधीचा चौथरा आणि सगळीकडून सारखी बांधलेली दगडाची रांग मिळून अडवतात. वर्तुळ पूर्ण आहे म्हणून ते पेलतं. एका जागी वर्तुळ तोडलं की दोन्ही कडांचे दगड सुटे होतात.

दुसरा शत्रू पाणी. चुन्याचा गिलावा शोभेचा नव्हता, पावसाळ्यात पाणी आत मुरू नये म्हणून होता. पाणी आत शिरलं की बारीक माती वाहून जाते, उरलेली फुगते, आणि बाहेरचा दगड पुढे सरकायला लागतो. आपल्या किल्ल्यांच्या बुरुजांना पोट सुटतं ते याच कारणाने. बुरुज पडतो तो तोफेपेक्षा चार पावसांनी जास्त, हे दुर्गसंवर्धनाची कामं करणारा कुणीही सांगेल.

बाराव्या-तेराव्या शतकानंतर टेकडीवरची बौद्ध वस्ती संपली. गिलाव्याची डागडुजी करणारं कुणी उरलं नाही, झाडं उगवली. तरीही १८१८ मध्ये ब्रिटिश फौजेतला जनरल टेलर तिथे पोचला तेव्हा महास्तूपाचा घुमट शाबूत होता आणि चारपैकी तीन तोरणं उभी होती. दक्षिणेचं तेवढं पडलेलं. निगा न राखता पाच-सहाशे पावसाळे काढलेल्या इमारतीची ही स्थिती होती.

१८२२

चारच वर्षांत भोपाळचा सहायक पॉलिटिकल एजंट कॅप्टन जॉन्सन याने स्तूप एका बाजूने वरपासून खालपर्यंत फोडला. खजिन्याची आशा होती. मिळालं काही नाही. भगदाड तसंच टाकून तो गेला. शेजारचा दुसऱ्या क्रमांकाचा स्तूप तोपर्यंत धडधाकट होता, त्याचीही त्याच वेळी मोडतोड झाली.

पुढचं बांधकामशास्त्राने ठरल्याप्रमाणे घडत गेलं. उघड्या जखमेतून पाणी आत शिरू लागलं, सुटे झालेले दगड बाहेर झुकू लागले. पश्चिमेचं तोरण आणि वेदिकेचा काही भाग कोसळला. मार्शल यांनी पुढे स्पष्ट लिहिलं की या पडझडीच्या मुख्य कारणांपैकी एक म्हणजे जॉन्सनचं भगदाड.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. याच स्तूपाच्या तोरणावर एक लेख आहे. त्याचा आशय असा: या काकणावातलं दगडकाम जो कुणी उखडेल किंवा उखडायला लावेल, किंवा दुसऱ्या आचार्यांच्या स्थानी नेववेल, त्याला मातृहत्या, पितृहत्या, अर्हताची (मुक्ती मिळवलेल्या भिक्खूची) हत्या यांसारख्या पाच महापातकांचं पाप लागेल. काकणाव हे सांचीचं जुनं नाव. म्हणजे दगड पळवले जाण्याची भीती दोन हजार वर्षांपूर्वीही होती, आणि ती दुसऱ्या विहारांकडूनच होती! जॉन्सन आला तेव्हा ब्राह्मी लिपी कुणालाच वाचता येत नव्हती. वाचता आली असती तर तो थांबला असता असं मला मुळीच वाटत नाही.

लिपी उलगडली तीही सांचीमुळेच. वेदिकेचा जवळजवळ प्रत्येक उभा खांब, खांबांमधली आडवी सूची (दगडी पट्टी), फरशीचा दगड कुणीतरी दिलेला आहे आणि त्यावर देणाऱ्याचं नाव आहे: उज्जैनचे, विदिशेचे लोक, भिक्खू, भिक्खुणी, व्यापारी, कुणाची आई, कुणाची बायको. या लहान लहान लेखांचे ठसे जुन्या लिप्यांचा अभ्यास करणाऱ्या जेम्स प्रिन्सेपपुढे आले. सगळ्यांचा शेवट त्याच दोन अक्षरांनी होतो हे त्याने हेरलं आणि तिथे ‘दानं’ असावं असा अंदाज बांधला. १८३७ मध्ये ब्राह्मी वाचता येऊ लागली. कार्ले, जुन्नर, नाशिकच्या लेण्यांतले दानलेख वाचताना आपण ज्या किल्लीने कुलूप उघडतो, ती सांचीच्या या कठड्यावर सापडली. स्तूपाच्या बाहेर, उघड्यावर, सगळ्यांना दिसेल अशा जागी. पोट फाडायची गरज पडली नाही.

पेट्या खरोखर होत्या

जॉन्सनवर सगळं ढकलणं सोयीचं आहे, पण पूर्ण प्रामाणिक नाही. १८५१ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम आणि कॅप्टन मेझी आले. हे खजिन्यामागचे नव्हते, अभ्यासक होते. पण पद्धत तीच: वरून विहिरीसारखा खड्डा मारायचा आणि गाभ्यापर्यंत जायचं. तिसऱ्या क्रमांकाच्या स्तूपात त्यांना दगडी पेट्या मिळाल्या, एकीवर सारिपुत्ताचं नाव, दुसरीवर महामोग्गलानाचं. बुद्धाचे हे दोन प्रमुख शिष्य. आतल्या लहान करंडकांच्या झाकणांवर आतून शाईने एकेक अक्षर लिहिलेलं होतं: सा आणि म. करंडक बंद करणाऱ्याने अदलाबदल होऊ नये म्हणून केलेली खूण असावी. दगडात कोरलेल्या हजार अक्षरांपेक्षा ही दोन शाईची अक्षरं मला जास्त जवळची वाटतात. कुणा माणसाची घाई त्यांत दिसते. दुसऱ्या स्तूपातही बौद्ध आचार्यांच्या अस्थी निघाल्या.

महास्तूपाच्या मधोमध मारलेल्या खड्ड्यात मात्र काहीही मिळालं नाही.

म्हणजे पेटीची समजूत अगदीच निराधार नव्हती. लहान स्तूपांत पेटी होती. पण पेटी स्तूपाच्या आत होती, स्तूप स्वतः पेटी नव्हता, आणि ती काढण्यासाठी अख्खी रचना मोडण्याचा हिशोब कुणी मांडला नाही. खड्डे मारणाऱ्यांनी निघताना बांधकामाची नीट भरपाई केली नाही. अस्थी इंग्लंडला गेल्या. १९४७ मध्ये त्या लंडनहून परत निघाल्या, आधी श्रीलंकेत, १९४९ मध्ये भारतात आणि १९५२ च्या नोव्हेंबरात सांचीला नव्या चैत्यगिरी विहारात. मूळ स्तूपात त्या परत ठेवल्या गेल्या नाहीत. नोव्हेंबरअखेरीच्या उत्सवात त्यांचं दर्शन होतं.

अस्थींपाठोपाठ तोरणांचा नंबर लागायचा होता. १८६८ च्या सुमारास एक तोरण फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनसाठी पॅरिसला पाठवण्याचा विषय निघाला. सरकारने नकार दिला आणि त्याऐवजी पूर्व तोरणाचे साचे घ्यायचं ठरलं. १८६९-७० मध्ये लेफ्टनंट हेन्री हार्डी कोल याने ते काम केलं आणि प्रतिकृती युरोपातल्या संग्रहालयांत पोचल्या. काकणावचं दगडकाम दुसरीकडे नेऊ नका, ही तोरणावरची विनंती यावेळी तरी पाळली गेली.

कोलची दुरुस्ती

हाच कोल १८८१ मध्ये प्राचीन स्मारकांचा क्युरेटर म्हणून पुन्हा सांचीला आला. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याने झाडी काढवली, भगदाड भरलं, आणि पडलेली दक्षिण व पश्चिम तोरणं उभी केली. कामाची तळमळ खरी होती. ती तोरणं अजून दोन-चार दशकं जमिनीवर राहिली असती तर किती तुकडे हाती लागले असते, सांगता येत नाही.

पण भरीव बांधकामातलं भगदाड भरणं म्हणजे खड्डा बुजवणं नव्हे. जुन्या रचाईत दगड एकमेकांत गुंतलेले असतात. नव्या भरावाला तो गुंता मिळाला नाही तर तो जुन्याला टेकून बसतो, त्याच्याशी एक होत नाही. पावसाचं पाणी नेमकं दोघांच्या मधल्या फटीतून उतरतं. १९१२ मध्ये मार्शल यांनी काम सुरू केलं तेव्हा स्तूपाचा अख्खा नैऋत्य भाग बाहेर सरकत होता आणि पश्चिम व दक्षिण तोरणांना रेटत होता. तसंच चाललं असतं तर कोलने उभी केलेली दोन्ही तोरणं पुन्हा आडवी झाली असती. जॉन्सननंतर पडलेलं पश्चिम तोरण आणि पुढे फुगलेला हा भाग एकमेकांना लागून आहेत. याला योगायोग म्हणायला मी तयार नाही.

मार्शल यांच्यापुढे दोन वाटा होत्या. बाहेरून टेके देऊन फुगवटा अडवायचा, किंवा फुगलेला भाग पूर्ण उतरवून पायापासून पुन्हा रचायचा. पहिली वाट स्वस्त, दिसायला कुरूप, आणि पाणी आत जातच राहणार. त्यांनी दुसरी घेतली. नैऋत्येचा पूर्ण पाव हिस्सा उतरवला आणि नव्याने बांधला. त्याशिवाय मेधीवरचा कठडा, जिन्याचे कठडे, माथ्यावरची हर्मिका आणि छत्रं हे सगळं सापडलेल्या तुकड्यांतून पुन्हा बसवलं. तिसऱ्या स्तूपाचा घुमट आणि छत्रही तेव्हाच उभं राहिलं. टेकडीवर पाण्याचा निचरा होईल अशी सोय केली. कामाला भोपाळ दरबाराचं पाठबळ होतं. नवाब सुलतान जहाँ बेगम यांनी पैसा दिला, संग्रहालय उभारलं, मार्शल यांच्या ग्रंथासाठीही मदत केली. भोपाळच्या बेगमांशिवाय सांचीचा विसाव्या शतकातला इतिहास सांगताच येत नाही, पण नाव बहुतेक वेळा एकट्या मार्शल यांचंच घेतलं जातं.

या कामाबद्दल माझी एकच तक्रार आहे, आणि तीही अर्धीमुर्धी. आज दिसणारा उघडा दगडी घुमट पाहून स्तूप असाच होता असं वाटतं. तो तसा नव्हता. तो चुन्याने लिंपलेला होता. गिलावा पुन्हा चढवला असता तर जुनं-नवं सगळं एकाखाली झाकलं गेलं असतं, म्हणून न चढवणं मला पटतं. पण पांढरा घुमट आणि भोवती कोरीव दगडाचं कुंपण, हा मूळ रंगमेळ मग कल्पनेनेच उभा करावा लागतो.

दक्षिण तोरणाच्या दोन तुळया

कोलच्या कामातली एक चूक दुरुस्त झालीच नाही. ती समजायला तोरणाची घडण माहीत हवी. दोन चौकोनी खांब, त्यांच्या माथ्यावर प्राणी किंवा बुटके यक्ष: दक्षिणेला सिंह, उत्तर आणि पूर्वेला हत्ती, पश्चिमेला यक्ष. त्यांवर एकावर एक तीन तुळया, टोकांना शंखासारखी वेटोळी. सगळं सुतारकाम आहे, फक्त दगडात. तुळई खांबावर टेकवायची, कुसू खाचेत बसवायचं. पूर्व तोरणाच्या बाहेर झुकलेली, आंब्याच्या फांदीला लटकलेली यक्षी फोटोंमुळे सगळ्यांना माहीत असते. तोरणांवर बुद्ध मात्र माणसाच्या रूपात कुठेच नाही. पूर्व तोरणाच्या मधल्या तुळईवर महाभिनिष्क्रमण, म्हणजे सिद्धार्थाचा गृहत्याग, आहे: तोच घोडा पुन्हा पुन्हा, पाठीवर कुणी नाही, वर फक्त छत्र धरलेलं.

दक्षिण तोरण चारांत सर्वांत जुनं मानतात. त्याच्या खांबावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी हे कोरीव काम केल्याचा लेख आहे, आणि बोटभर जागेत दहा-बारा माणसं बसवलेली पाहिली की ते पटतं. वरच्या तुळईवर, एका स्तूपाच्या चित्रात, दुसरा लेख: राजा सिरी सातकणि याच्या कारागिरांचा प्रमुख, वासिठीचा मुलगा आनंद, याचं दान. सातवाहनांचं नाव या टेकडीवर असं, एका कारागिराच्या ओळखीपुरतं येतं.

हा लेख आज तोरणाच्या मागच्या बाजूला आहे. पडलेल्या तुळया उभ्या करताना वरची आणि खालची उलट्या बसल्या असाव्यात, असं अभ्यासक मानतात, कारण जास्त भरगच्च बाजू आतल्या अंगाला आली आहे आणि येणाऱ्याला समोर कमळवेलींची नक्षी जास्त दिसते.

त्याने काय बिघडलं? मधल्या तुळईच्या समोरच्या बाजूला अशोक रामग्रामच्या स्तूपाला जातो तो प्रसंग आहे. परंपरा सांगते की बुद्धाच्या अस्थींवर मूळचे आठ स्तूप होते. अशोकाने सात उघडले आणि अस्थी सगळीकडे वाटल्या. आठवा रामग्रामचा, त्याचं रक्षण नाग करत होते, आणि तिथून तो रिकाम्या हाताने परतला. खालच्या तुळईवर, आज मागे गेलेल्या बाजूला, कुशीनगरला घातलेला वेढा आहे: बुद्धाच्या अस्थींसाठी हत्ती-घोड्यांनिशी आलेले राजे. तुळया मूळ जागी असत्या तर ही दोन्ही दृश्यं येणाऱ्यासमोर एकाखाली एक आली असती. खाली अस्थींसाठीचं युद्ध, वर न उघडता सोडलेला स्तूप.

तुळया आता फिरवू नयेत. दोन हजार वर्षांचा वालुकाश्म पुन्हा उतरवण्याची जोखीम त्या चुकीपेक्षा मोठी आहे. सांचीला गेलात तर दक्षिण तोरणातून सरळ पुढे जाऊ नका. आत गेल्यावर मागे वळून वरची आणि खालची तुळई बघा, मग बाहेर येऊन मधली.